डाव्या हाताचे वेढे

मगदुमांची मॉरिस ढकलत आली
उद्यमनगरच्या तिसऱ्या गल्लीत. मागं चार पोरं,
आणि स्टिअरिंगला स्वतः त्रिशलाकाकू,
पदर खोचून, चष्म्याला दोरी लावून.
"दिवे लागत नाहीत, हॉर्न रडतो,
आणि डावा हात मोडलाय," म्हणाल्या.
मी त्यांच्या हाताकडं बघितलं.
दस्तगीर मिस्त्रींनी गाडीकडं.

दोन दारांच्या मधल्या खांबात एक फट असते,
तिच्यातनं वीतभर हात बाहेर येतो
पोटात बल्ब घेऊन: बघा, मी वळतोय.
उजवा अजून यायचा.
डाव्याच्या जागी चिंधी कोंबलेली.

वायरिंग उघडलं तर आत मुंग्या.
सुती वेष्टणाच्या तारा, आणि तारांना लागून
मुंग्यांची दुसरी लाइन,
फ्यूजपासून पार मागच्या दिव्यापर्यंत,
कुठंही शॉर्ट नाही.
वीस वर्षं या गाडीनं शाहूपुरीतनं गुळाचे रवे वाहिलेत.
"खरं कनेक्शन ह्यांचं," मिस्त्री म्हणाले,
आणि ब्लोअर मारायच्या आधी
गाडी दोन तास उन्हात लावायला लावली,
जाऊ देत म्हणाले, त्यांची त्यांना.

बॅटरी कुणीतरी उलटी जोडली होती.
"ह्या गाड्यांत माती अधिक असती,"
हे मिस्त्री प्रत्येक नव्या पोराला सांगतात
आणि बॉनेटवर चापट मारतात.
"पत्रा प्लस. तारंतनं येतंय ते उणं.
आताच्या गाड्यांत उलटं झालंय."
पुढं काही बोलत नाहीत. चहा सांगतात.

हात कुठं मिळंना.
लक्ष्मीपुरीत अत्तार भंगारवाल्यानं तीन पोती उपसली:
वायपरची मोटर, सायकलचा डायनामो,
कुणाच्या तरी जीपचं मीटर, चाळीसवर थांबलेलं.
एस्टीनं मिरजेला गेलो. तिथला म्हणाला,
होता, होता, गेल्या दिवाळीला वितळवला.
इचलकरंजीत एकाकडं सापडला, पण तो उजवा,
आणि त्याला तो विकायचा नव्हता,
नुसता दाखवायचा होता.

मग करायचाच ठरला.
सांगाडा शिकलगारानं पितळेत ओतला,
दोनदा जाड झाला, तिसऱ्यांदा फटीत बसला.
केशरी काचेसाठी मिस्त्रींनी घरातली साबणाची डबी आणली
(भाभी आठ दिवस बोलत नव्हत्या),
कापली, उकळत्या पाण्यात वाकवली.
आत दिवा लागला की रंग थेट काकवीचा.

राहिली कॉइल.
मिस्त्रींचा हात हल्ली थरथरतो, चहा बशीत सांडतो.
पहिल्यांदाच त्यांनी बॉबिन माझ्याकडं सरकवली.
केसाएवढी तार चिमटीत, आणि तोंडानं मोजणं.
चारशे अकराला मोबाइल वाजला.
पुन्हा एकपासून.
सहाशे दोनला लाइट गेली.
"थांबू नकोस," अंधारातनं मिस्त्री,
"बोटं बघत्यात."

संध्याकाळी काकूंनी गाडी दसरा चौकात घातली.
मी शेजारी, मिस्त्री मागं.
स्विच फिरवला. खट्.
अर्ध्यावर अडकला.
काकूंनी खांबाला आतनं कोपर मारलं
आणि हात वर आला.
कुणालाच कळंना हे काय.
मागचा रिक्षावाला ओरडला, "मावशी, इंडिकेटर द्या की!"
मिस्त्रींनी खिडकीतनं डोकं काढलं:
"दिलाय की लेका! हात दाखवलाय, आणि काय पायबी दाखवू?"

दुकानाच्या भिंतीवर पेन्सिलीनं वेढे लिहिलेत,
चाळीस वर्षांचे. फियाटचा डायनामो, लँडमास्टरचा स्टार्टर,
एका सर्कशीचा जनरेटर.
त्या भिंतीला चुना लावायची बंदी आहे.
रात्री मिस्त्रींनी पेन्सिल माझ्या हातात दिली.
मॉरिस आठ. डावा हात. सहा व्होल्ट.
सातशे बावीस, असं लिहिलं,
मग सांगून टाकलं, अंधारात एखादा चुकला असंल.
"मग तसं लिही."
आकड्यापुढं मी लिहिलं: अंदाजे.
मिस्त्रींनी सगळ्या भिंतीवरनं एकदा नजर फिरवली,
हसले,
आणि शटर ओढलं.